लटारू वाढई आणि शिसमाची फळी

लटारू वाढई, आमच्या गावचा सुतार, लाकूड चाटून ओळखायचा. सांगितलं तर लोक हसतात, पण मी ते तीस वर्षं पाहिलं आहे. आधी चाकूनं बारीक ढलपी काढायची, ती अंगठ्यावर घासायची, नाकाजवळ न्यायची आणि तरीही मनात शंका राहिली तर जिभेच्या टोकाला लावायची. मग तो नाव सांगायचा आणि ते नाव बरोबर असायचं. त्याची बायको रुखमाबाई म्हणायची, "लाकडाची चव बराबर समजते यायले. मी वरणात मीठ टाकलं का नाई, ते मातर समजत नाई."

मी वनविभागाच्या लाकूड डेपोत कारकून होतो. साग, बिजा, शिसम, साजा अशी नावं याद्यांमध्ये लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. पण साल काढलेला ओंडका समोर ठेवला तर सागाशिवाय मला काही ओळखता येत नसे. लिलावाच्या दिवशी खेड्यांतले लोक लटारूला सोबत घेऊन यायचे. तो ओंडक्याच्या तोंडावर बोटं फिरवायचा, कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून आवाज ऐकायचा आणि पोकळ आहे की भरीव, ते सांगायचा. आम्ही दोघंही सावली तालुक्यातल्या एकाच गावचे. गेल्या पौषात तो गेला. त्याच्याबद्दल चार शब्द लिहून ठेवा, असं रुखमाबाई म्हणाली. मला याद्यांपलीकडे काही लिहिता येत नाही, हे तिला सांगवलं नाही.

लटारू बैलगाड्या करायचा. धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, भारे आणणाऱ्या, चिखलात न फसणाऱ्या, रुंद चाकांच्या गाड्या. चाकाच्या मधोमध जो जाड गोल तुंबा असतो, जो लोखंडी आसाभोवती फिरतो, तो लटारू फक्त शिसमाचाच करायचा. तुंबा तयार झाला की तीन दिवस तेलात बुडवून ठेवायचा. ते तेल मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, घट्ट आणि कडू वासाचं. तेल प्यायलेला तुंबा आसाला धरत नाही, झिजत नाही, पावसाळ्यात फुगत नाही. हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं आणि बापाला आज्यानं. त्यानं शेवटची गाडी केली त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मग गावात ट्रॅक्टर आले, आणि लटारूकडे खाटेचा पाय, दाराची चौकट, कुदळीचा दांडा एवढंच काम उरलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या डोळ्यानं धुकं दिसायचं. तरी तो रोज सकाळी पडवीत हत्यारं मांडून बसायचा.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, संघप्रिया माझ्याकडे आली. गावाच्या दक्षिणेला बौद्ध टोली, म्हणजे वस्ती, आहे. तिथल्या गुलाब रामटेकेंची ही मुलगी. गुलाबची भीमगीतांची गायन पार्टी आहे. तो पेटी वाजवतो आणि गातो, बाकी ढोलकीवाला, ऑक्टोपॅडवाला आणि दोन कोरसवाल्या. संघप्रिया त्या पार्टीत बास गिटार वाजवते. दिवसा ती सावलीला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते. तिनं पाठीवरच्या पिशवीतून गिटार काढली. नुसतं धड आणि लांब मान; मानेवरची फळी काढलेली होती.

ती मला समजेल अशा भाषेत सांगत गेली. या गिटारीला चार जाड तारा असतात. मानेवर एक लांब पातळ फळी चिकटवलेली असते, तिला फिंगरबोर्ड म्हणतात. बोटांनी तार या फळीवर दाबायची, तसा सूर बदलतो. तिनं ही गिटार नागपुरात जुनी घेतली होती. तिच्यावरची फळी हलक्या लाकडाची, वरून काळा रंग दिलेली निघाली. दोन वर्षांत तारांनी तिच्यात खाचा पाडल्या, घामानं रंग उतरून बोटांना लागू लागला, आणि फळी मधून वाकली. नागपूरच्या दुरुस्तीवाल्यानं फळी काढून टाकली आणि सांगितलं की रोजवूडची सत्तर सेंटिमीटर लांब, सात रुंद, सात मिलिमीटर जाड फळी मानेवर नीट चिकटवून आण. पुढच्या धातूच्या पट्ट्या मी बसवून देतो. लाकूड मात्र खणखणीत सुकलेलं पाहिजे, असं त्यानं दोनदा सांगितलं होतं.

"रोजवूड म्हणजे आपला शिसमच ना, काका?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो, पण खात्रीनं नाही. म्हणून तिला लटारूकडे घेऊन गेलो.

लटारूनं गिटार हातात घेतली, मानेवरून अंगठा फिरवला आणि लाकडाबद्दल एक शब्द बोलला नाही. त्यानं विचारलं, "हे फळी काय काम करते, ते पयले सांग."

तिनं सांगितलं. त्यानं एकेक गोष्ट उलटून विचारली. तारा लोखंडाच्या का? किती ताणलेल्या? घाम लागते का? किती वेळ घासतात? मग उठून आतून एक जुनं खोकं आणलं. त्यात ढलप्या होत्या. त्यानं चार ढलप्या पडवीच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडल्या आणि तिला जवळ बसवलं. मला आठवतं तसं लिहितो.

पहिली बिज्याची. ती त्यानं पेल्यातल्या पाण्यात टाकली. थोड्या वेळानं पाणी पिवळं झालं, आणि उजेडात धरलं तर त्यावर निळी झाक दिसली. लाकूड मजबूत, पण रेषा जाड. तार रेषेत रुतेल, आणि घामानं रंग सोडत राहील. दुसरी तेंदूची. तेंदूच्या झाडाच्या पोटात काळा गाभा असतो, लोखंडासारखा. काळ्यात काळं लाकूड तेच, पण आपल्या रानातल्या तेंदूचा गाभा सरळ दोन फूट निघत नाही, आणि वाळताना तडकतो. तिसरी शिसूची, कालव्याच्या कडेला लावतात त्या झाडाची. बाजारात त्यालाही शिसमच म्हणून विकतात. रंग तपकिरी, वजनाला हलकी. चालेल, पण तो म्हणाला की चालणारं आणि टिकणारं वेगळं असते. चौथी ढलपी त्यानं तिच्या तळहातावर ठेवली. जांभळट काळी, मधून लाल-तपकिरी रेषा. "हे चाट," तो म्हणाला.

संघप्रियानं माझ्याकडे पाहिलं आणि चाटली. "थोडं गोड लागते. मंग कडू."

"हा शिसम. याच्या आंगात याचंच तेल असते. बारीक भोकं, सरळ रेषा. ओला ओंडका पाण्यात टाकला त बुडते." मग गिटारीच्या मानेवरून पुन्हा अंगठा फिरवून तो म्हणाला, "समजलं मले. हे फळी म्हंजे गाडीचा तुंबा हाये. लोखंड घासते, वजन पडते, पाणी लागते."

आम्हाला दोघांनाही ते पटलं. आज वाटतं, त्याची चूक तिथेच सुरू झाली. पण त्या दिवशी ते सगळ्यांत शहाणं बोलणं होतं.

आता लाकूड कुठून आणायचं? शेतातलं झाड असलं तरी शिसम परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे मी सांगितलं. आणि आज तोडलेलं झाड दोन-तीन वर्षं वाळवावं लागतं, हे लटारूनं. जुनंच लाकूड हवं होतं. संघप्रियाला आठवलं की त्यांच्या गोठ्याच्या भिंतीला एक फळी टेकवलेली आहे, आजी कोणाला तिला हात लावू देत नाही.

आम्ही टोलीवर गेलो. संघप्रियाची आजी ठमाबाई ऐंशीच्या पुढची. चिखलणी झाल्यावर धानाची बांधी सपाट करायला बैलांमागं जी फळी ओढतात, ती ही होती. माणूस तिच्यावर उभा राहतो, त्याच्या वजनानं चिखल बसतो. सात फूट लांब, दोन इंच जाड. मधोमध दोन खळगे पडले होते, अर्ध्या बोटाएवढे खोल. ठमाबाईच्या सासऱ्याच्या, पत्रू रामटेकेंच्या, आणि मग तिच्या नवऱ्याच्या पायांचे. साठ पावसाळे चिखलात आणि साठ उन्हाळे भिंतीला. लटारूनं ढलपी काढून चाटायचीही तसदी घेतली नाही. वास घेतला आणि मान डोलावली, शिसमच. मग तो फळीच्या कडेवरून हात फिरवू लागला आणि थांबला. कडेवर कुऱ्हाडीचे घाव तसेच होते, एकावर एक, वाकडेतिकडे.

"हे वाढयाचं काम नोहे," तो म्हणाला.

"वाढई आलाच नाई, त काय करल?" ठमाबाई म्हणाली.

पुढचं सगळ्या गावाला माहीत होतं. छप्पन सालच्या दीक्षेनंतर टोलीनं मेलेली जनावरं ओढायचं आणि गावाची पडेल ती कामं करायचं सोडलं, तेव्हा गावानंही आपली कामं बंद केली होती. न्हावी गेला नाही, लोहार गेला नाही, आणि वाढई नांगर दुरुस्त करायला गेला नाही. तो वाढई म्हणजे लटारूचा बाप. पत्रूनं स्वतःच्या शेताच्या बांधावरचा शिसम स्वतः पाडून स्वतःच ही फळी कोरली होती. लटारू तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. तो कडेवरचा हात न काढता उभा राहिला.

ठमाबाई एवढंच म्हणाली की नातीचं काम आहे म्हणून टोकाचा तुकडा न्या; मधला भाग द्यायचा नाही. एक टोक पाणी मुरून चिरफळलं होतं. दुसऱ्या टोकाचा अडीच फुटांचा तुकडा लटारूनं कापून घेतला. निघताना तो तिला म्हणाला, "बाई, तुमची नात हाये तोवर हे फळी मानेवरून सुटाची नाई. शब्द देतो."

त्यानं आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी शब्द दिल्याचं मला माहीत नाही. काम बरं होईल, यापुढे तो जात नसे.

पुढचे आठ दिवस त्यानं दुसरं काम घेतलं नाही. तुकडा आत बराच चिरलेला निघाला; त्यातून दोनच पट्ट्या निघाल्या, एक नेमकी आणि एक जादा, चुकलं तर असावी म्हणून. रंधा मारला तेव्हा आतून जो रंग निघाला, तो मी डेपोत तीस वर्षं राहूनही पाहिला नव्हता; पिकलेल्या जांभळाचा रंग. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. एके दिवशी गेलो तर दोन्ही पट्ट्या कढईत टोळीच्या तेलात बुडवलेल्या. मला नागपूरच्या माणसाचं सांगणं आठवलं, खणखणीत सुकलेलं लाकूड. तोंडापर्यंत आलं होतं. पण लटारूला लाकडाबद्दल सांगणारा मी कोण, असं वाटून मी गप्प राहिलो. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो.

तीन दिवसांनी पट्ट्या काढून पुसल्या. आरशासारख्या झाल्या होत्या. सुतारकामाचा पांढरा गोंद लावून त्यानं फळी मानेवर बसवली, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून गुंडाळली. संघप्रियानं नागपूरला नेऊन धातूच्या पट्ट्या बसवून आणल्या. ती सगळ्यांना बोटं दाखवत होती, काळी होत नाहीत म्हणून. चौदा एप्रिलचे कार्यक्रम त्याच गिटारीवर झाले.

एप्रिलच्या शेवटी ऊन तापलं. कार्यक्रमांनंतर बाराव्या का तेराव्या दिवशी ती क्लासवरून थेट लटारूच्या पडवीत आली. मी तिथंच होतो. तिनं गिटार त्याच्यापुढे ठेवली. मानेच्या वरच्या टोकाला फळी उचलली होती. फटीत कागद जात होता. लटारूनं तारा सैल करायला सांगितल्या आणि बोटाच्या टोकानं फळी उचलली. ती आख्खी, सहज, भाजीचं साल निघावं तशी निघून आली. खालच्या बाजूला लाकडाचा एक धागा चिकटलेला नव्हता. गोंद नुसताच वाळून बसला होता, काचेसारखा.

लटारूनं फळीचा वास घेतला. तेलाचाच वास होता; तेलकट लाकडाला गोंदानं धरलंच नव्हतं.

गाडीत गोंद नसतो. खुंटी असते, पाचर असते, वरून चाकाला लोखंडी धाव, म्हणजे पट्टा, असते. साठ वर्षं त्यानं लाकडाला लाकूड जखडलं होतं, कधी गोंदाच्या भरवशावर सोडलं नव्हतं. शिसमाच्या अंगात तेल असतं हे त्यानंच तिला शिकवलं, आणि त्याच लाकडाला त्यानं आणखी तीन दिवस तेल पाजलं होतं. आपल्याला जे सगळ्यांत चांगलं येतं, तेच त्यानं केलं होतं.

संघप्रिया म्हणाली की होते असं, नागपूरवाला दुसरी मान मागवून देईल. ती हे समजूत घालायला म्हणाली, पण त्याला ते लागलं. ती गेल्यावर त्यानं जादा पट्टी काढली, तिच्यावर खोल रंधा मारला, बारीक तुकडे करून गोंदानं जोडले आणि दोन दिवस ठेवले. तिसऱ्या दिवशी एकेक तुकडा अंगठ्यानं ढकलून पाहिला. काही सुटले, काही सुटले नाहीत. जे सुटले नाहीत त्यांच्याकडेही त्यानं विश्वासानं पाहिलं नाही. रुखमाबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं की ते धड जेवत नाहीत. तुमचं ऐकतात, काही बोला.

दुसऱ्या सकाळी तो माझ्या दारात आला. "चाल बाबू, टोलीवर," म्हणाला. "एकट्याले जावत नाई."

ठमाबाई अंगणात वाळत घातलेली मोहफुलं हातानं पालटत होती. लटारू उभाच राहिला.

"बाई, फळी सुटली. चूक मायी हाय, लाकडाची नाई. मी त्याले तेल पाजलं."

"संघूनं सांगतलं," ती म्हणाली. मोहफुलं पालटणं थांबलं नाही. "आता मधला तुकडा मागाले आले का?"

"हो."

"त्याच्यावर माया सासऱ्याचे पाय हायत."

"पाय वरच ठेवतो. फळी उभी करून खालून एक पापुद्रा काढतो. वरचं तसंच राहील."

"आन करवत वर चढली त?"

मला वाटलं तो नाही चढणार म्हणेल. तो म्हणाला, "चढली त पाय जातीन."

गुलाब दारात येऊन उभा होता. तो मध्ये काही बोलणार तोच ठमाबाईनं हात वर केला. तिनं हातातली मोहफुलं खाली टाकली आणि पहिल्यांदा लटारूकडे सरळ पाहिलं.

"घरी नेऊ नका. इथीच करा, आमच्या आंगणात. माया सासरा तुमच्या बाबाले बलावाले तीनदा गेला होता, तीनदा. तुमी एक डाव या."

लटारू म्हणाला, "उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत तो हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन गावातून टोलीकडे गेला. चौकात काही जण चहाला बसले होते. त्यांतला एक म्हणाला की म्हातारपणी आता टोलीची बलुतेदारी धरली का? लटारूनं पेटी एका हातानं सावरली आणि म्हणाला, "हो. उशीर झाला थोडा." आणि तो चालत राहिला. मी मागं होतो.

अंगणात निंबाचं झाड आहे. फळीचा मधला तुकडा अडीच फुटांचा कापून त्याच्या खोडाला उभा बांधला. काळ्या लाकडावर गेरूची रेघ दिसत नाही, म्हणून त्यानं दोरा चुन्यात भिजवून खालच्या बाजूला, कडेपासून एक बोट आत, रेघ मारली. दोघांनी ओढायची लांब करवत होती. एका मुठीला लटारू बसला, दुसऱ्या मुठीला गुलाब. गुलाबनं आयुष्यात पेटी आणि ट्रॅक्टरचं चाक सोडून काही धरलेलं नव्हतं. तो जोरात ढकलू लागला आणि करवत अडकली.

"ढकलाचं नाई," लटारू म्हणाला. "आपली बारी आली का ओढाचं. माई बारी आली का सोडाचं. सोडणं जास्त कठीण हाय."

गुलाब म्हणाला, "पेटीचा भाता असाच असते." मग त्याला जमू लागलं.

लटारूच्या धुरकट डोळ्याच्या बाजूला रेघ होती. संघप्रिया तिथं गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या वतीनं पाहू लागली. करवत पायांच्या बाजूला सरकली की ती "भाईर" म्हणायची, रेघेवर आली की "बस". शिसम कठीण, एका हाताएवढं उतरायला तास लागला. भुशाचा गोडसर वास अंगणभर झाला. टोलीतली माणसं येऊन उभी राहत, थोडा वेळ बघत, जात. ठमाबाई ओट्यावर बसून होती. तिनं मोहफुलांना त्या दिवशी हात लावला नाही.

खळग्यांच्या मागं करवत आली तेव्हा लटारू थांबला. त्यानं वरच्या बाजूनं खळग्यात हाताचा पंजा ठेवला, खाली किती लाकूड आहे याचा अंदाज घेत. पत्रूचा पाय लटारूच्या पंज्यापेक्षा मोठा होता. मग त्यानं करवत पुन्हा धरली आणि गुलाबला म्हणाला, "हळू." संघप्रियानं तीनदा "भाईर" म्हटलं, लागोपाठ. करवत रेघेवर आली. दुपारच्या आत पापुद्रा सुटून संघप्रियाच्या हातांत पडला. वरची फळी तशीच होती, दोन्ही खळगे धरून, नुसती पातळ झालेली.

मग त्यानं पट्टी कापली, रंधा मारला. या वेळी तेलाची वाटी अंगणाच्या आसपासही नको, असा त्याचा हुकूम होता. गुलाबनं सकाळी डोक्याला तेल लावलं होतं. त्याला त्यानं दोनदा साबणानं हात धुवायला लावले आणि तरी लाकडाला शिवू दिलं नाही. "दूर राह्य, दूर राह्य, तू पेटी वाजव," असं तो चिडून म्हणाला, आणि ठमाबाई हसली. ती त्या दोन दिवसांत एकदाच हसली.

ताज्या रंध्यावर, लाकडाला हवा लागायच्या आत, त्यानं गोंद लावला आणि मान ट्यूबनं गुंडाळली. गिटार घरी नेली नाही. ती ओट्यावर सावलीत ठेवली. दोन दिवस तो सकाळी आणि संध्याकाळी टोलीवर यायचा, हात न लावता बघायचा आणि जायचा. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं गुलाबला विचारलं की नांगर, वखर, काही दुरुस्तीचं आहे का घरात. गुलाब म्हणाला की भाऊ, सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते आता, लाकडाचं काही नाही उरलं. लटारू बरं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे ओट्याजवळ होतो. लटारूनं ट्यूबची गाठ सोडली, फेरा फेरा करून उलगडली. फळी मानेवर बसली होती. त्यानं ती दाबली नाही, वाकवली नाही. कोणाला शब्दही दिला नाही. त्यानं गिटार दोन्ही हातांनी उचलून ठमाबाईच्या मांडीवर ठेवली.

"बाई, तुमी पाहा. माया डोयाचा भरोसा नाई."

ठमाबाईनं वाद्य आयुष्यात हातात धरलं नव्हतं. तिनं जोड कुठं आहे ते संघप्रियाला विचारून घेतलं. मग अंगठ्याचं नख त्या रेषेत रोवलं आणि टोकापासून हळूहळू ओढत नेलं. मध्ये दोनदा थांबून जोर दिला. आम्ही बघत होतो.

"नख जात नाई," ती म्हणाली.

लटारूनं मान हलवली. "दुसऱ्या बाजूनं पण पाहा," तो म्हणाला.

तिनं गिटार फिरवली आणि पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात केली.